शिवऱ्याला नसलेले स्टेशन आणि आमची सावड

रेल्वेची मागणी करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या भागात ताबडतोब दोन शंका घेतल्या जातात. त्याला प्लॉट विकायचे असावेत, किंवा निवडणुकीला उभे राहायचे असावे. मी विंझरजवळच्या एका वाडीत राहतो. भोरच्या न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो आहे. माझी भाताची खाचरे विकण्याचा माझा इरादा नाही, आणि निवडणुकीला उभे राहण्याइतका मी कोणाला आवडत नाही. तरीही गेली अनेक वर्षे मी रेल्वे खात्याला, महानगराचा आराखडा करणाऱ्या कार्यालयाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि त्या त्या वेळच्या लोकप्रतिनिधीला एकच मागणी लिहीत आलो आहे: रोज ये-जा करणाऱ्या लोकांसाठी पुण्याहून महामार्गाच्या अंगाने रेल्वे टाकावी, शिवऱ्याला स्टेशन करावे, आणि गाडीच्या वेळेला जुळणारी एसटी तिथून वेल्ह्याच्या खोऱ्यात सोडावी. माझ्या पत्रांची पोच येते. पोचेच्या पुढे काही येत नाही. तालुक्याचे नाव बदलण्याएवढी सवड शासनाला झाली. तालुक्यातून पुण्याला पोचायला किती वेळ लागतो, हे विचारण्याएवढी अजून झालेली नाही.

या मागणीमागे माझ्या घरातली एक हकीकत आहे. अर्जात ती लिहिण्याची सोय नसते. अर्जदाराने सार्वजनिक हिताचे बोलावे, स्वतःच्या घराचे बोलू नये, असा संकेत आहे. सार्वजनिक हित कोणाच्या तरी घरातच राहते, हे मला कोणत्याही कार्यालयात पटवून देता आले नाही.

माझी सून पुण्यात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. हे काम तिने लग्नाआधी शिकून घेतले आणि ते तिला मनापासून आवडते. सकाळी मुलगा तिला मोटारसायकलवर चेलाडीच्या फाट्यावर सोडतो आणि स्वतः उलट्या दिशेने शिरवळकडे, कारखान्यात जातो. फाट्यावर एसटी मिळाली तर एसटी, नाही तर वडाप. वडापच्या जीपमध्ये माणसे ज्या पद्धतीने भरतात ती पद्धत जनावरांच्या वाहतुकीस लागू केली असती तर गुन्हा नोंदला गेला असता. पुढे शिवरे, टोलनाका, कात्रज. वाटेत कुठे पुलाचे काम, कुठे वळणरस्ता, कुठे आडवा झालेला कंटेनर. एखाद्या दिवशी ती वेळेआधी पोचते आणि बंद दारासमोर उभी राहते. दुसऱ्या दिवशी, घरातून त्याच वेळी निघूनही, नमुने घ्यायला आलेले रुग्ण तिच्या नावाने ओरडत असतात. तिला रस्ता लांब आहे याची तक्रार नव्हती. लांबीला माणूस सरावतो. रस्ता रोज वेगळा निघतो, आणि त्याला सरावता येत नाही.

आता सावडीबद्दल सांगितले पाहिजे, कारण नुकसान तिथे झाले.

आमच्याकडे भाताची लावणी मजूर लावून होत नाही. घरे ठरलेली असतात, आणि लावणीच्या दिवसांत प्रत्येक घरातून एक बाई रोज कोणा ना कोणाच्या खाचरात उतरते. आज तुमच्या खाचरात सगळ्या, उद्या माझ्या खाचरात सगळ्या. यात पैसा नाही, लिहून ठेवणे नाही, मुकादम नाही. चिखलणी झालेले खाचर थांबत नाही आणि रोप जून झाले की फुटवा धरत नाही, म्हणून हे सारे थोड्या दिवसांत उरकावे लागते, आणि एकट्या घराला ते उरकत नाही. माझे अर्धे आयुष्य करारभंगाची प्रकरणे लावून ठेवण्यात गेले. ज्याला कागद लागत नाही असा करार मी सावडीखेरीज दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या घराचा हात म्हणजे माझी पत्नी. तिचे गुडघे गेले तेव्हा तो हात सुनेकडे आला. सुनेचे माहेर भोंगवलीचे. तो भोरचा पूर्वेकडचा भाग. तिथे पाऊस कमी, भात नाही, खुरपणी-काढणीला मजुरांची टोळी सांगायची आणि संध्याकाळी दिवसाचा रोज द्यायचा, ही तिथली रीत. सावड तिला इथे आल्यावरच कळली. पण तिने कमीपणा मानला नाही. पहिल्या वर्षी तिची रोपे तिरकी लागत आणि बायका हसत.

“अगं, सुई टोचतीस व्हय? बोटानं दाब. रगत न्हाई काढायचं भाताचं,” असे माझी चुलतभावजय तिला म्हणाली होती. या वहिनी म्हणजे आमच्या सावडीच्या प्रमुख. कोणी नेमलेल्या नव्हेत. पण कोणाचे खाचर कोणत्या दिवशी, हे त्या म्हणतील तसे होई.

“रक्तच काढायची सवय आहे, काकी,” सून म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती त्यांच्यातली झाली.

दोन-तीन पावसाळे तिने रजा काढून निभावले. मग रुग्णालयाने त्या दिवसांतल्या रजा बंद केल्या. पावसाळ्यातच तापाचे रुग्ण वाढतात. त्यांचे म्हणणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. तेव्हा तिने दुसरी तोड काढली. बरोबरीच्या मुलीशी पाळी बदलून दुपारची घ्यायची, सकाळी खाचरात उतरायचे, आणि न्याहारीच्या वेळी बाहेर पडून पुण्याला जायचे. ही तोड तिच्या कल्पनेतून आलेली नव्हती. ती आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती.

माझी थोरली बहीण मावळात, कामशेतजवळ दिलेली आहे. तोच डोंगर, तोच पाऊस, तेच भात. फरक एवढाच की तिच्या गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर पुणे-लोणावळा लोकलचे स्टेशन आहे. तिची सून पिंपरीला नोकरी करते. लावणीच्या दिवसांत ती उजाडता खाचरात असते, गाडीच्या हिशेबाने वर येते, आणि परतल्यावर दुसऱ्या दिवसाचे रोप उपटून जुड्या बांधते. तिथल्या सावडीने तिचा असा अर्धा-अर्धा हात मान्य केला आहे. कारण गाडीची वेळ सगळ्या बायकांना पाठ आहे. ती केव्हा जाणार आणि केव्हा येणार, याबद्दल कोणाच्या मनात शंका राहत नाही. त्या मार्गावर सगळे आलबेल आहे असे नव्हे. भर दुपारी बराच वेळ गाडी नसते, आणि बहीण त्याबद्दल मनसोक्त शिव्या देते. पण ज्या गाडीला शिव्या देता येतात ती गाडी असते तरी. भाच्याच्या लग्नाला गेलो तेव्हा वहिनीही बरोबर होत्या. त्यांनी हे सारे नीट विचारून घेतले आणि परतताना गाडीत म्हणाल्या, “ब्येस केलंय यांनी. नोकरी बी हाय आन् बाई बी गावात हाय.”

वाढत्या शहराला उपनगरी रेल्वेने काय मिळते, याबद्दल तज्ज्ञ मंडळी इंधन, प्रदूषण, जमिनीचे दर वगैरे सांगतात. ते खरेच असेल. मी माझ्या पत्रांत वहिनींचे ते वाक्य शुद्ध करून लिहीत असे: रेल्वेमुळे रोजगार शहरात राहूनही कुटुंब गावात राहू शकते. शहर आमच्यापर्यंत वाढणारच आहे; टेकड्या फोडून बंगल्यांचे फलक लागलेच आहेत. प्रश्न इतकाच आहे की त्या वाढीत आमची माणसे रोज जाऊन परत येणार, की जाऊन तिकडेच राहणार.

सुनेची तोड आमच्या रस्त्यावर टिकली नाही. पहिल्या दिवशी ती वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी शिवऱ्यापुढे ट्रक उलटला. पुन्हा एकदा असेच झाले, आणि तिला लेखी समज मिळाली. संध्याकाळी तिने तो कागद माझ्यासमोर ठेवला. कारण कोणताही कागद प्रथम मला दाखवायचा, अशी आमच्या घरात पद्धत आहे.

मी म्हणालो, “याला उत्तर देता येईल. विलंबाचे कारण तुझ्या नियंत्रणाबाहेरचे होते.”

“मामा, तुम्ही रेल्वेला लिहिता, मी रजेसाठी लिहिते. आपल्या दोघांची अक्षरं चांगली आहेत. एवढंच.”

ती हे हसत म्हणाली. मी हसलो नाही.

त्याच आठवड्यात प्रादेशिक आराखड्यावरच्या हरकतींची पुण्यात सुनावणी होती. माझा अर्ज दाखल होता, म्हणून मी पहाटेच्या एसटीने निघालो, आणि माझा पुकारा होण्याच्या जेमतेम आधी पोचलो. समोरचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी कागद चाळले.

“काका, तुमचा गट नंबर?”

“माझी हरकत जमिनीबद्दल नाही. आराखड्यात आमच्या बाजूला रस्ते दाखवले आहेत, रेल्वे दाखवलेली नाही, त्याबद्दल आहे.”

“पण तुमची जमीन बाधित होते का?”

“नाही.”

“मग तुम्ही बाधित नाही.”

“साहेब, जे केले त्याने माणूस बाधित होतो, तसा जे केले नाही त्यानेही होतो. वगळणूक हीसुद्धा कृती आहे. कायदा हे मानतो.”

त्यांनी मान हलवली, शेजारच्या लेखनिकाला “सूचना म्हणून नोंद घ्या” असे सांगितले, आणि पुढच्या माणसाचा पुकारा झाला. माझ्यामागे रांगेत उभा असलेला एक शेतकरी मला बाहेर म्हणाला, “तुमची जमीन जात न्हाई आन् तुमी आलाय? नशीबवान हाय राव तुमी.” रस्त्याला त्याचा मळा जात होता. आमच्याकडून जमीन घेणारे प्रकल्प नेहमी येतात. माणसे परत आणून सोडणारा एकही येत नाही, असे मला त्याला सांगायचे होते.

मी घरी परतलो तेव्हा आमच्या सुनेने आपल्या जागी सावडीला एक मजूर बाई पाठवून दिली होती. खोऱ्याच्या वरच्या अंगाच्या वस्तीवरची, कामाची, गरजू बाई. तिचा रोज सुनेने स्वतःच्या पगारातून दिला. तिच्या माहेरच्या रीतीप्रमाणे यात वावगे काहीच नव्हते: मला येता येत नाही, तर माझ्या जागी चांगला हात देते, आणि कोणाचे नुकसान होऊ देत नाही. माझी पत्नी त्या दिवसांत गुडघ्यांच्या उपचारासाठी भोरला मुलीकडे होती. ती असती तर तिने हे होऊ दिले नसते. मला मात्र मनात थोडे खटकले. मी वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांनी त्या बाईला आपल्या रांगेत घेतले होते, भाकरी दिली होती, आणि आमच्या घराला एका शब्दानेही काही विचारले नव्हते. हरकत वेळेत घेतली नाही तर ती सोडून दिली असे धरतात, हे मी आयुष्यभर पाहिले होते. त्यामुळे वहिनींनी हे मान्य केले, असे मी समजलो. बाकीच्या घरांची लावणी उरकेपर्यंत आमच्या घराकडून रोज तीच बाई जात राहिली.

मग आमच्या खाचरांचा दिवस आला. मुलाने रजा घेऊन चिखलणी करून ठेवली होती. मी बांधावर उभा होतो. बायकांची रांग ज्या पायवाटेने येते ती पायवाट मोकळी होती. थोड्या वेळाने रस्त्यावर एक टेम्पो थांबला. त्यातून पावसाचे प्लॅस्टिक पांघरलेल्या अनोळखी बायका उतरल्या. मी आमच्या सावडीची घरे मनात मोजली. बायका नेमक्या तेवढ्याच होत्या. त्यांच्यातली एक पुढे येऊन म्हणाली, “लावणीचं खाचर हेच का? आमचं पैसं मिळाल्यात. तुमी फकस्त रोप दावा.”

सावडीतल्या प्रत्येक घराने आम्हाला आमच्याकडून जे मिळाले होते तेच परत केले होते. एका मजूर बाईबद्दल एक मजूर बाई. संध्याकाळच्या आत सगळी खाचरे लावून झाली, आणि चांगली लागली. कोणाकडे काही येणे राहिले नाही, कोणाचे काही देणे राहिले नाही. एखाद्या न्यायाधीशाने तो हिशेब तपासला असता तर त्यात एकही चूक त्याला सापडली नसती. आणि आमच्या वाडीतली एकही बाई त्या दिवशी आमच्या चिखलात उतरली नव्हती.

मी वहिनींच्या दारात गेलो. त्या ओट्यावर बसून विळीने भाजी चिरत होत्या.

“वहिनी, हे काय केलेत?”

“काय केलं? लावनी झाली ना तुमची?”

“झाली.”

“मग झालं तर. कुनाचं काय ऱ्हायलं?”

“आमचे चुकले असे तुम्हाला वाटत होते तर पहिल्याच दिवशी सांगायचे. गप्प का राहिलात?”

“आता सांगायचं काय त्यात? ती पोर कमावती. तिला म्या म्हनू, नोकरी सोड आन् ये? तसं म्हनायचं न्हवतं मला. म्हनून गप ऱ्हायले.” त्यांनी विळी आडवी केली. “पर भाऊजी, पैशाची बाई एका घरानं धाडली की दुसरं घर धाडतंय. तिसरं बी. मग सावड कशाची? टोळीच की ती. आज म्या चालवून घेतलं असतं तर फुडल्या साली माजीच सून म्हनाली असती, मी बी धाडते. आमच्यात कुनाच्या बी घरात आता गडी-बाया लावायला पैका हाय. सावड तेवढ्यानंच मोडंल.”

“पण तिला रस्त्याने येता येत नाही, हा काय तिचा गुन्हा आहे?”

“न्हाई. तिचा न्हाई. पर आमचा बी न्हाई. तुमच्या भैनीकडं बगितली तसली गाडी हितं आना. म्या सोता तिला खाचरातनं वर काढून ठेसनावर घालवून येती. तवर काय करू, सांगा. तुमी शिकल्याली मानसं.”

ज्याच्यावर संतापावे असे समोर कोणी नव्हते, आणि ज्यांच्यावर संतापायचे ते आपापल्या कार्यालयांत पोच देत होते.

सुनेला संध्याकाळी सारे कळले. तिने कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “मला रीत कळली नाही, मामा. पण कळली असती तरी मी काय केलं असतं?” मी तिला सांगितले की आपण वाडीतल्या सगळ्यांना एकत्र बोलावू, मी बाजू मांडतो. ती म्हणाली, “कोणाविरुद्ध?”

दिवाळीनंतर तिने धनकवडीला खोली घेतली आणि आपल्या मुलीचे, माझ्या लहान नातीचे, नाव तिथल्या शाळेत घातले. मुलगा आठवड्यातून दोनदा तिकडे जातो. दिवसभर घरात आम्ही दोघे म्हातारी. महानगर वाढते आहे म्हणतात, ते असे वाढते. एका सुखाने नांदणाऱ्या घराचे दोन तुकडे करून त्यातला एक तुकडा खोलीभाड्याने आपल्यात घेते. ज्या शहराने तिला काम दिले त्याच शहराला तिला रोज घरी पोचवता आले असते. त्यासाठी रुळांचीच गरज होती, आणि रूळ टाकायला माणसे फार पूर्वी शिकलेली आहेत. हे वाक्य मी रेल्वे खात्याला अक्षरशः असेच लिहिले. पोच आली.

यंदाच्या लावणीला सावड आणखी आखडली. दोन घरांनी खाचरे अर्धेलीने, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्यांना देऊन टाकली. तिथल्या सुनाही पुण्यात खोल्या घेऊन राहिल्या. वहिनींचे स्वतःचे मोठे खाचर शेवटी राहिले आणि हात पुरेनात. एका शनिवारी संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर आल्या. मुलगा घरी होता.

“लाव तुज्या बायकूला फोन,” त्या त्याला म्हणाल्या. त्याने लावला आणि आवाज मोठा केला, कारण वहिनींना कमी ऐकू येते.

“पोरी, म्या बोलती. उद्या आयतवार. येतीस का गं माज्या खाचरात? बाई धाडू नगंस. तूच ये.”

सून म्हणाली, “येते की, काकी. सुट्टीच आहे उद्या.” तिच्या आवाजातला आनंद आम्हा सगळ्यांना कळला. “पण इथून किती वाजता निघू म्हणजे न्याहारीच्या आत पोचेन? तेवढं सांगा.”

वहिनींनी मुलाकडे पाहिले. तो त्या रस्त्याने आठवड्यातून दोनदा जातो. तो म्हणाला, “सांगता येत न्हाई, काकी. रविवारी बंगलेवाल्यांच्या गाड्या असतात. आन् पुलाचं काम बी चालू हाय.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “तुमी सांगा, भाऊजी.”

“मलाही सांगता येत नाही,” मी म्हणालो.

“जमंल तवा नीघ, बाय,” वहिनी फोनमध्ये म्हणाल्या.

सून उजाडायच्या आधीच निघाली होती. पुलापाशी अडकून ती दुपार कलल्यावर पोचली, तेव्हा वहिनींचे खाचर होत्या तेवढ्याच हातांनी कडेपर्यंत लावून झाले होते आणि बायका बांधावर भाकरी सोडत होत्या.